हिमवादळाचा तक्ता

आमच्या परभणी जिल्ह्यात बर्फ तीन ठिकाणी सापडतो. उन्हाळ्यात रसवंतीवर, लग्नसराईत पाण्याच्या पिंपात आणि आठवडी बाजारात मासळीवाल्याच्या खोक्यात. चौथे ठिकाण मला गेल्या हिवाळ्यात कळले. ते म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे प्रकल्पाचे पुस्तक!

भाऊ तालुक्याच्या गावी एका इंग्रजी शाळेत पाचवीत शिकतो. त्याची फी तुरीच्या पैशातून जाते, त्यामुळे त्याच्या दप्तरातील प्रत्येक कागदाला आमच्या घरी खरेदीखताचा मान आहे. मी शिकले गावच्या जिल्हा परिषद शाळेत. तिथे आम्हाला प्रकल्प नव्हते, पाढे होते. पण घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. म्हणून कोठलेही छापील अक्षर घरात आले की ते आधी माझ्यापुढे ठेवले जाते. बियाणाच्या पिशवीवरील सूचना, फवारणीच्या डब्यावरचा लाल त्रिकोण, सोसायटीची नोटीस, कोणाच्या तरी दवाखान्याची चिठ्ठी. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला हे सारे येत असणारच, असा आमच्या आळीचा दृढ समज आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हाच अनुभव असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

तर पुस्तकात इंग्रजीत लिहिले होते : ‘ब्लिझर्ड आणि हिवाळी वादळात घ्यावयाची काळजी, या विषयावर सचित्र तक्ता तयार करा.’ मुदत सोमवारपर्यंत. पुस्तक परगावच्या कोणा प्रकाशकाचे. ज्याने हा विषय निवडला त्याच्या खिडकीतून काय दिसते कोण जाणे.

आबा ओट्यावर कासरा वळत बसले होते. त्यांनी विचारले, “ब्लिझर्ड म्हंजे काय गं?”

मी म्हणाले, “बर्फाचं वादळ.”

“गाराचा पाऊस म्हण की.”

“गारा नाही आबा. गार वरून आदळते. हा बर्फ भुकटीसारखा असतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो.”

आबांनी जरा विचार केला. “म्हंजे वावटळीत फुफाटा उडतो तसा, पर पांढरा अन् गार.”

हिमवादळाची याहून चांगली व्याख्या मला पुढे शोधूनही मिळाली नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या आहे ती अशी : ताशी 56 किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा, उडत्या बर्फामुळे 400 मीटरच्या पलीकडचे न दिसणे, आणि हे सारे सलग तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ चालणे. गंमत अशी की, त्या वेळी आभाळातून बर्फ पडलाच पाहिजे असे नाही. आदल्या दिवशी पडून राहिलेला बर्फ वाऱ्याने उचलला तरी ते हिमवादळच. म्हणजे आबांचा फुफाटा!

मला मात्र शब्दांची मौज वाटत राहिली. ‘हिमवादळ’ हा दोन शब्दांचा जोड आहे. तो आपण गरजेपुरता जुळवला. त्याला घाम नाही, वास नाही. उलट पावसाला आमच्याकडे केवढी नावे! वळीव वेगळा, अवकाळी वेगळा, झड वेगळी, भुरभुर वेगळी, आणि दोन पावसांमधल्या कोरड्या दिवसांसाठीसुद्धा ‘उघडीप’ असा स्वतंत्र शब्द. ज्या गोष्टीची वाट पाहावी लागते किंवा भीती वाटते तिलाच माणूस नाव देतो. एस्किमो लोकांपाशी बर्फाला शेकडो शब्द आहेत असे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती आहे असे भाषेचे अभ्यासक म्हणतात. आमच्या पावसाच्या बाबतीत मात्र ती नाही, एवढे मी खात्रीने सांगते.

असो. तक्त्याकडे वळते.

पहिली अडचण रंगाची आली. पांढऱ्या कागदावर पांढरा बर्फ काढायचा कसा? शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून निळा कार्डशीट आणला. त्यावर खडूने बर्फ काढला, तर तो हात लागला की पुसू लागला. आई चुलीपाशी बसून हा सारा उद्योग पाहत होती. ती उठली आणि आतल्या खोलीतून मूठभर कापूस घेऊन आली. वेचणीचा, घरचा. सरकी काढून तिने तो पिंजून दिला आणि म्हणाली, “ह्यो लाव. ह्यो काय पुसत न्हाई.” मग फेव्हिकॉल घेऊन आम्ही दोघे भावंडे बसलो. घरांच्या छपरावर कापूस, झाडांवर कापूस, मोटारीच्या टपावर कापूस. परभणीच्या काळ्या रानात पिकलेल्या बर्फाने अमेरिका झाकून टाकली.

नियम मी इंग्रजीतून वाचून मोठ्याने मराठीत सांगत होते आणि भाऊ ते पुन्हा इंग्रजीत लिहीत होता. घराबाहेर पडू नका. अन्न, पाणी, इंधन आणि पांघरुणे आधीच साठवून ठेवा. एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला. मोटारीत अडकलात तर मोटार सोडून चालत निघू नका. इंजिन थोडा थोडा वेळच चालू ठेवा आणि धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली नाही ना हे पाहा, कारण ती बुजली तर विषारी वायू आत भरतो. बोटे किंवा नाकाचा शेंडा बधिर आणि फिकट झाला तर तो चोळू नका. कोमट पाण्याने ऊब द्या. आई म्हणाली, हे काही अगदीच बिनकामाचे नाही. पौष महिन्यात पहाटे हरभऱ्याला पाणी देऊन आबा येतात तेव्हा त्यांची बोटेही अशीच पडतात. खरेच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात मोजलेले किमान तापमान काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेले आहे. मराठवाडा म्हणजे केवळ ऊन, हा पुण्यामुंबईच्या लोकांचा समज आहे. त्यांनी एकदा जानेवारीत आमच्या आखाड्यावर मुक्कामाला यावे!

आणि पांढरी सकाळ आम्ही अगदी पाहिलीच नाही असेही नाही. 2014 सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती मराठवाड्यातील कोणी विसरलेला नाही. मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि हा भाऊ पाळण्यात होता. आमच्या शिवारात काढणीला आलेला गहू गारांनी असा झोडपला की ओंब्या चिखलात आणि नुसती काडी उभी. बांधाच्या सावलीला गारांचा थर दुसऱ्या दिवशीही होता. आम्ही पोरे गारा तांब्यात भरून खात होतो आणि मोठी माणसे आमच्याकडे अशा नजरेने पाहत होती की, ती नजर तेव्हा कळली नाही. एक मोठी गार कोणी विळ्याने कापली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे होते. ढगातला वर चढणारा वारा गारेला पुन्हा पुन्हा उचलून धरतो आणि तिच्यावर बर्फाचे थर चढत जातात, हे कारण मी कॉलेजात शिकले. कापलेली गार मात्र आधीच पाहिलेली होती. शिकण्याचा असा उलटा क्रम आम्हा खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला पुष्कळदा येतो, आणि तो मला वाईट वाटत नाही.

भावाला हे पटेना, की आपल्या माणसांना हिमवादळाचा काय उपयोग? मी त्याला अमरनाथची हकीकत सांगितली. 1996 सालच्या ऑगस्टमध्ये यात्रेच्या वाटेवर अवेळी पाऊस आणि हिमवादळ आले आणि 242 माणसे गेली. बहुतेक यात्रेकरू मैदानी मुलखातले, आपल्यासारखेच. पातळ कपड्यांत, साध्या पादत्राणांत चढलेले. पुढे सरकारने नितीश सेनगुप्ता यांची समिती नेमली आणि यात्रेकरूंच्या संख्येला, प्रकृतीला काही मर्यादा घालाव्यात असे ठरले. औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगे आमच्या जिल्ह्याच्या अल्याड-पल्याड. इथला भाविक अमरनाथलाही जातो. आमच्याच गावातून दरवर्षी चार-पाच जण जातात. आबा लगेच म्हणाले, “मंग ह्ये कापडाचं मोठ्या अक्षरात लिव्ह.” भावाने ते लाल शाईने लिहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात भूगोलाच्या सरांना मी हा सगळा प्रकार सांगितला. सर हसले नाहीत. त्यांनी मला 1888 सालच्या हिमवादळाबद्दल सांगितले, आणि तेव्हापासून तो तक्ता माझ्यासाठी भावाचा गृहपाठ उरला नाही.

12 जानेवारी 1888. अमेरिकेच्या मधल्या मैदानी मुलखात, डकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा या भागांत, सकाळ उबदार उजाडली होती. बरेच दिवस कडाक्याची थंडी होती आणि एकाएकी हवा मऊ झाली. मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. शेतकरी आखडलेली कामे करायला बाहेर पडले, गुरे चरायला सोडली. दुपारी वायव्येकडून हिमवादळ भिंतीसारखे आले. काही ठिकाणी नेमकी शाळा सुटायची वेळ होती. घरी निघालेली मुले वाट चुकून उघड्या माळावर गोठली. मृतांचा आकडा साधारणपणे 235 सांगतात. त्या वादळाला पुढे ‘शाळकरी मुलांचे हिमवादळ’ असेच नाव पडले. नेब्रास्कात मिनी फ्रीमन नावाची एक तरुण शिक्षिका होती. तिच्या मातीच्या शाळेचे छप्पर उडाले, तेव्हा ती सगळ्या मुलांना जवळच्या घरी सुखरूप घेऊन गेली. तिने मुलांना एका दोरीला बांधून नेले असे सांगतात. दोरीची गोष्ट खरी की मागाहून जोडलेली यावर वाद आहे. पण मुले वाचली, त्यावर वाद नाही.

सर पुढे म्हणाले, “मुलांच्या बरोबरीने दुसरे कोण मेले असेल, सांग.” मला सांगता आले नाही. ते म्हणाले, “गोठ्याकडे गेलेले शेतकरी.” घर आणि गोठा यांत हाकेचे अंतर, पण पुढचा हात दिसत नाही अशा वादळात माणूस गुरांसाठी निघतो आणि स्वतःच्याच अंगणात हरवतो. म्हणून तिकडचे शेतकरी हिवाळ्यात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवत आणि तो धरून जात.

संध्याकाळी हे मी घरी सांगितले. आबा कासऱ्याचा पीळ सोडून ऐकत राहिले. मग तक्त्याकडे पाहून म्हणाले, “तुझ्या पुस्तकात बैलाचं काय लिव्हलंय?”

काहीच लिहिलेले नव्हते. कुत्र्या-मांजरांना घरात घ्या, असे होते. बैलाबद्दल एक अक्षर नव्हते.

आबांनी पुढे काही विचारले नाही आणि त्यांनी ते का विचारले हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. माझे थोरले चुलते सहा वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर शेतात वारले. वीज पडून. दुपार कलली होती, आभाळ भरून आले होते, आणि बैल बांधलेले होते लिंबाखाली, कारण साऱ्या शेतात सावली तेवढीच. ते बैल सोडायला गेले. एक बैल आणि ते तिथेच गेले. दुसरा बैल दावे तोडून घरी आला आणि त्याच्यामुळे आम्हाला कळले. पण याहून जास्त टोचते ते पुढचे. जवळच्या शेतातली माणसे धावली, पण कोणी त्यांच्या अंगाला हात लावेना. अंगात वीज असते, हात लावणाराला झटका बसतो, अशी समजूत. तलाठ्याचा पंचनामा झाला, शासनाची मदत मिळाली, वर्ष झाले. हात न लावल्याची गोष्ट आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मीही इथे लिहावी की नाही याचा विचार केला, आणि लिहिली.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावता येतो, लावलाच पाहिजे. श्वास थांबला असेल तर छातीवर जोराने, लयीत दाब देत राहावे आणि 108 वर फोन करून गाडी मागवावी. वीज लागलेला प्रत्येक जण दगावत नाही. काही जणांचे हृदय फक्त थबकलेले असते. चुलत्यांचे तसे होते की नव्हते हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

2022 या एका वर्षात भारतात वीज पडून 2,887 माणसे मेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. त्या वर्षी निसर्गाच्या कोपाने जे मेले त्यांतला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा एकट्या विजेचा. पूर आणि उष्माघात यांच्या बातम्या मोठ्या येतात. वीज एकेकाला वेचून नेते, म्हणून तिची बातमी आतल्या पानावर तीन ओळींची असते : ‘अमुक शिवारात वीज पडून शेतकरी ठार, एक बैल दगावला.’ बैलाचा उल्लेख बातमीत असतो, तक्त्यात नसतो.

आणि आमच्या भावाच्या बाबतीत तर घरात वेगळीच भीती. तो पायाळू. पायाळू माणसावर वीज पडते असे आपल्याकडे मानतात. म्हणून आभाळ गडगडले की आई त्याला ओढून आत घेते, माजघरात बसवते आणि पाऊस उघडेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. मी तिला पुष्कळदा सांगितले आहे, की वीज कोणाचे पाय पाहून पडत नाही. चुलते तर पायाळू नव्हते. पण मला गंमत वाटते ती याची, की या खोट्या समजुतीमुळे आमच्या आळीत विजेपासून सर्वांत सुरक्षित मूल कोणते असेल, तर ते हेच! बाकीची पोरे त्या वेळी आंब्याखाली कैऱ्या वेचत असतात. आईचे कारण चूक आहे आणि कृती शंभर टक्के बरोबर. मी आता तिच्याशी वाद घालत नाही. फक्त म्हणते, सगळ्याच पोरांना पायाळू समज.

भाऊ रडकुंडीला आला होता. “तक्ता ब्लिझर्डचा आहे, ताई. त्यात वीज लिहिली तर बाई मार्क कापतील.” त्याचे खरे होते. त्याचा तक्ता आम्ही पुस्तकाबरहुकूम पुरा केला. एका कोपऱ्यात मात्र घर, गोठा आणि दोघांमध्ये ताणलेला दोर काढला, आणि दोर धरून चाललेला एक माणूस. त्या माणसाला भावाने पटका बांधला. मी तो खोडायला लावला नाही. सोमवारी तक्ता शाळेत गेला, वर्गाच्या भिंतीवर लागला. बाईंनी कापसाचे कौतुक केले आणि दोर कशासाठी हे साऱ्या वर्गापुढे सांगायला लावले. भाऊ घरी आला तो छाती फुगवून.

निळ्या कार्डशीटचा अर्धा तुकडा उरला होता. त्यावर मी दुसरा तक्ता केला. हा कोणी सांगितलेला नव्हता.

तो लिहिताना खरी अडचण कळली. हिमवादळाचा पहिला नियम ‘घरात थांबा’ आणि विजेचाही पहिला नियम ‘पक्क्या घरात जा’. पण दुपारी चार वाजता सोयाबीन टोकणाऱ्या बाईला पक्के घर कुठले? दोन किलोमीटरवर गाव; शेतात असतो आखाडा, चार खांबांवर पत्रे टाकलेला. उघडे पत्र्याचे छप्पर विजेपासून वाचवत नाही. झाड तर वाचवत नाहीच. उलट उंच झाडावर वीज पडली की ती बुंध्यावरून उडी मारून शेजारच्या माणसाला गाठते, आणि जमिनीतूनही पसरते. जमिनीतून पसरणाऱ्या विजेने गुरे जास्त का मरतात तेही मला सरांनी समजावले. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. एका जोडीतून वीज शिरते, दुसरीतून निघते आणि मधल्या वाटेवर काळीज असते. म्हणूनच उघड्यावर सापडलेल्या माणसाने पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि घोळक्याने थांबू नये. पण हा उपाय अगदी नाइलाजाचा. त्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही.

तेव्हा नियम लिहायचा तो वीज आल्यावर काय करावे याचा नसून, ती यायच्या आधी केव्हा निघावे याचा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे चमक दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत, दर तीन आकड्यांना एक किलोमीटर. तीसच्या आत गडगडले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि ती पुढच्या क्षणी डोक्यावरही येऊ शकते. तेव्हाच आसऱ्याला पोहोचलेले असावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ नावाचे ॲप आहे; आपल्या आसपास वीज पडत असेल तर ते फोनवर इशारा देते. ते मी घेतले आहे. पण आबांचा फोन बटणांचा. म्हणून आकडे मोजण्याचा नियम मी वर लिहिला आणि ‘दामिनी’ खाली.

एक गोष्ट दोन्ही तक्त्यांत सारखी निघाली, आणि ती लिहिताना मला हसू आले. मोटारीत असाल तर मोटारीतच थांबा. हिमवादळात ऊब आणि आडोसा म्हणून. विजेत बंद पत्र्याच्या सांगाड्यामुळे, कारण वीज बाहेरच्या धातूवरून जमिनीत जाते. टायर रबराचे म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवावे. याचा अर्थ, आभाळ फाटले असताना आमच्या भागात जी काही थोडी सुरक्षित ठिकाणे आहेत त्यांत एस. टी. महामंडळाची गाडी मोडते. रोज सकाळी तिची वाट पाहत मी तिला जे काही बोलते, त्यातला थोडा भाग मी परत घेते.

राहिले बैल. ते मात्र मला कोठल्याही शाळेच्या पुस्तकात सापडले नाहीत. सापडले ते परभणीच्याच कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात. 1972 साली स्थापन झालेल्या आणि 2013 पासून वसंतराव नाईकांचे नाव असलेल्या या विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित सल्ला मराठीत निघतो. मेघगर्जनेची शक्यता असेल तेव्हा जनावरे झाडाखाली बांधू नयेत, हे त्यात साध्या शब्दांत असते. म्हणजे जे वाक्य आमच्या घराला हवे होते ते आमच्याच जिल्ह्यात होते, आमच्याच भाषेत होते. ते लिंबापर्यंत पोचले नव्हते, इतकेच.

तक्ता मी आबांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले. ‘वीज’ नको, ‘इज’ लिही म्हणाले. मी तसे लिहिले नाही, पण ‘विद्युत्पात’ हा शब्द मात्र खोडला. ‘उकिडवे’ शब्दापुढे चित्र काढ म्हणाले, ते काढले. आणि सगळ्यात वर काय लिहायचे, तर ते म्हणाले, “लिव्ह की, बैल सोडायला जाऊ नका.”

मी त्यांच्याकडे पाहिले. “लोक ऐकतील?”

“न्हाई ऐकणार,” आबा म्हणाले. “आपला बैल बांधलेला दिसत असल्यावर कोण थांबतंय? म्हणून तर सकाळीच कुठं बांधायचं ते लिव्ह.”

मग सर्वांत वरची ओळ अशी झाली : ‘आभाळ येण्याआधी, सकाळीच, जनावर झाडापासून लांब बांधा, म्हणजे दुपारी सोडायला जावे लागणार नाही.’ वाक्य लांब आहे. तक्त्याच्या दृष्टीने फारच लांब. पण त्यातला एकही शब्द काढायला आबा तयार नव्हते.

तो कोठे लावावा यावर घरात बरीच चर्चा झाली. शाळेत लावला तर मुले वाचतील. ग्रामपंचायतीत लावला तर कोणीच वाचणार नाही. अखेर आईने सुचवले ते सर्वांना पटले. तो पिठाच्या गिरणीत लावला. तिथे प्रत्येक घरचे माणूस आठवड्यातून एकदा येते, आणि दळण होईपर्यंत त्याला भिंतीकडे पाहण्यावाचून दुसरे काम नसते. पंधरा दिवसांत तो पिठाने पांढरा झाला. गिरणीवाल्या काकांनी तो आपण होऊन दोनदा फडक्याने पुसला आणि वरून प्लॅस्टिकचा कागद ठोकला. काही बाया मला वाटेत थांबवून विचारतात, “हात लावला तर खरंच झटका बसत न्हाई का गं?” मी सांगते, नाही बसत. एकदा सांगून त्यांना पटत नाही. तीन-चारदा विचारतात, आणि प्रत्येक वेळी कोणा वेगळ्या माणसाचे नाव घेतात.

आबांनी मार्चमध्ये लिंबाखालची दावण उपटली. पन्नास-साठ पावले मोजून मोकळ्या वावरात नवे खुंटे ठोकले. लिंबाची सावली गेली म्हणून बैलांसाठी तुराट्यांचा ठेंगणा मांडव घातला. तुराट्यांचा मांडव काही वीज अडवत नाही, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, ठाऊक आहे, हा उन्हासाठी. चुलतीने तो लांबूनच पाहिला. ती सहा वर्षांत त्या लिंबाकडे गेली नव्हती. त्या दिवशी ती नव्या दावणीपर्यंत आली, बैलांपुढे वैरण टाकली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.